विश्लेषण : लिलावातल्या वस्तूची लिंक ग्रुपवर टाकावी की गप्प बसावे? रघुजी भोसले यांच्या तलवारीने पुढे आणलेला प्रश्न

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले (प्रथम) यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्रात परतली, याचे राज्यभर स्वागत झाले. मात्र या घटनेने जुनी नाणी, शस्त्रे, तिकिटे, कागदपत्रे जमवणाऱ्यांमधला एक जुना वाद नव्याने पुढे आणला. ऑनलाइन लिलावात एखादी दुर्मीळ वस्तू दिसली, तर तिची लिंक सर्वांना पाठवावी की लिलाव संपेपर्यंत मौन पाळावे? संग्राहकांचा अलिखित नियम गप्प राहा असे सांगतो. भोसल्यांच्या तलवारीच्या वेळी हा नियम सर्वांनी पाळला असता, तर ती कदाचित आणखी एका खासगी संग्रहात गेली असती. हा शिष्टाचार नेमका काय आहे, तो कशासाठी आहे आणि तो कुठे मोडावा लागतो, याविषयी.

तलवारीच्या लिलावात काय घडले?

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सोदबीज या लिलावगृहाने भारतीय आणि इस्लामी कलावस्तूंचा लिलाव ठेवला होता. त्यात रघुजी भोसले यांची तलवार होती. सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे पाते, सोन्याच्या नक्षीची मुल्हेरी घाटाची मूठ आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने कोरलेला ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ हा मजकूर, अशी तिची ओळख. परदेशी पाते बसवलेल्या तलवारीला मराठ्यांकडे ‘फिरंग’ म्हणत. ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब रघुजींना छत्रपती शाहू महाराजांनी दिला होता.

लिलावाची बातमी महाराष्ट्रात पसरली ती आदल्या दिवशी, २८ एप्रिलला. त्यानंतर राज्य सरकारने हालचाल केली आणि मध्यस्थामार्फत बोली लावून तलवार मिळवली. हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आल्याचे सरकारने सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये सांस्कृतिक कार्यमंत्री आशीष शेलार यांनी लंडनमध्ये तलवार ताब्यात घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोहोचली.

आता हाच घटनाक्रम संग्राहकाच्या नजरेतून पाहू. मोठ्या लिलावगृहांच्या याद्या लिलावाच्या आधीच संकेतस्थळावर येतात. जगभरातले शस्त्रसंग्राहक, दलाल आणि अभ्यासक त्या नेमाने चाळतात. म्हणजे भोसल्यांचे नाव सोन्याने लिहिलेली तलवार विक्रीला आहे, हे बातमी येण्यापूर्वीही यादी पाहणाऱ्यांना दिसत होते. सर्वसामान्य नागपूरकराला मात्र ते कळले, तेव्हा हातात जेमतेम एक दिवस उरला होता.

संग्राहक लिंक का लपवतात?

यामागे पहिले कारण पैशाचे आहे. एखाद्या विक्रेत्याने भोसलेकालीन रुपयाची नोंद नुसती ‘जुने चांदीचे नाणे’ अशी केली असेल, तर ते नाणे ओळखणारा संग्राहक फायद्यात असतो. त्याने रोज रात्री शेकडो नोंदी चाळून ती शोधलेली असते. कोणीतरी तीच लिंक दोनशे जणांच्या ग्रुपवर ‘अरे, हे पाहा काय निघालंय’ असे लिहून टाकली, की त्याची मेहनत पाण्यात जाते. शोध एकाचा आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे दुसरेच, अशी ही तक्रार असते.

दुसरे कारण विश्वासाचे. नवखा संग्राहक अनेकदा जाणकाराला खासगीत विचारतो, की ही वस्तू खरी वाटते का, किती बोली लावू? अशा वेळी जाणकाराने ती लिंक पुढे पाठवणे किंवा स्वतःच गुपचूप बोली लावणे हा या वर्तुळातला सर्वांत मोठा अपराध मानला जातो. हे वर्तुळ लहान असते. नागपूरसारख्या शहरात एखाद्या विषयाचे गंभीर संग्राहक एकमेकांना नावानिशी ओळखतात, नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनात समोरासमोर भेटतात. एकदा बोभाटा झाला, की पुढच्या वेळी कोणी काही दाखवत नाही.

तिसरे कारण कमी बोलले जाते. आपण काय शोधतो हे इतरांना कळू नये, असे प्रत्येकाला वाटते. कोणाला नेमकी कोणती टांकसाळ, कोणते वर्ष हवे आहे हे उघड झाले, की विक्रेते त्याच्यासाठी वेगळा भाव लावतात.

लिंक फिरल्याने किंमत खरेच वाढते का?

वाढू शकते, पण दर वेळी नाही. त्यासाठी ऑनलाइन बोलीचे गणित समजून घ्यावे लागते.

बहुतेक संकेतस्थळांवर ‘कमाल बोली’ची सोय असते. ग्राहक आपली वरची मर्यादा भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. समजा, नागपूर टांकसाळीच्या एका रुपयासाठी ‘अ’ने १२ हजारांची मर्यादा ठेवली. दुसरा ग्राहक ‘ब’ ४ हजारांपर्यंतच जाऊ शकतो. बोलीचा टप्पा २०० रुपयांचा असेल, तर ‘अ’ला नाणे ४,२०० रुपयांना मिळते. त्याची मर्यादा १२ हजार असली, तरी त्याला तेवढे द्यावे लागत नाहीत.

आता लिंक फिरली आणि १० हजारांची तयारी असलेला ‘क’ त्यात उतरला. नाणे मिळते ‘अ’लाच, पण १०,२०० रुपयांना. म्हणजे ६ हजार रुपये जास्त. लिलावगृहाचे शुल्क, म्हणजे बायर्स प्रीमियम, समजा २० टक्के असेल, तर कर सोडून हा फरक ७,२०० रुपयांचा होतो.

या उदाहरणात मुद्द्याची गोष्ट अशी, की लिलावात किंमत जिंकणारा ठरवत नाही, तर दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला ठरवतो. त्यामुळे लिंक किती जणांनी पाहिली यापेक्षा कोणी पाहिली याला महत्त्व आहे. शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर पाचशे जणांनी पाहून ‘भारी’ म्हटले, तर किंमत जागची हलत नाही. चाळीस जणांच्या खास नाणेसंग्राहकांच्या ग्रुपवर मात्र एक ‘क’ पुरेसा असतो. शेअर करण्याबाबतचे नियम अशा खास ग्रुपवरच कडक असतात, ते यामुळेच.

वाढलेली रक्कम जाते विक्रेत्याकडे आणि टक्केवारीने लिलावगृहाकडे. म्हणूनच लिंक फिरवू नका असे लिलावगृहे कधी म्हणत नाहीत. उलट त्यांच्या ॲपवर शेअरचे बटण ठळक असते.

वस्तू प्रसिद्ध व्यक्तीची असेल, तर आकडे कुठल्या कुठे जातात. मार्च २००९ मध्ये महात्मा गांधींचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ, वाडगा आणि ताट न्यूयॉर्कमध्ये लिलावाला निघाले. २० ते ३० हजार डॉलर मिळतील असा अंदाज होता. भारतात संताप उसळला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, जगभर बातम्या झाल्या आणि विजय मल्ल्या यांनी या वस्तू १८ लाख डॉलरना घेतल्या. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या एका लहान लिलावगृहाच्या टपालपेटीत कोणीतरी गांधीजींचा चष्मा पाकिटात टाकून गेले. १० ते १५ हजार पौंड मिळतील असे वाटले होते. बातमी जगभर फिरली आणि चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला. या वस्तू मुळातच मोलाच्या होत्या, हे खरे. पण ‘दुसरा बोलीदार’ शोधून आणण्याचे काम प्रसिद्धीने केले, हेही तितकेच खरे.

मग गप्प राहण्यातच शहाणपण आहे का?

मौनाचा फायदा खरेदीदाराला होतो, तसा तो लबाड विक्रेत्यालाही होतो. बनावट नाणे, नवी मूठ बसवलेली ‘शिवकालीन’ तलवार, चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद यांचे बिंग फुटते ते अनेक जाणत्या नजरा पडल्यावरच. सगळेच ‘लिलाव संपू दे, मग बोलू’ म्हणत बसले, तर फसलेल्या माणसाला सत्य कळते ते पैसे गेल्यावर.

खोट्या बोलीचाही प्रश्न आहे. विक्रेताच दुसऱ्या नावाने बोली लावून भाव चढवतो, हा जुना प्रकार आहे. वर्षानुवर्षे एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर ठरावीक खाती बोली लावतात आणि ऐन वेळी मागे हटतात, हा नमुना एकट्या ग्राहकाला दिसत नाही. चौघांनी नोंदी ताडून पाहिल्या तर दिसतो.

मौनाची दुसरी काळी बाजू म्हणजे संगनमत. ‘तू या नाण्यावर बोली लावू नकोस, मी त्या नाण्यावर लावणार नाही’ असे मित्रामित्रांत ठरते. त्याला शिष्टाचार म्हटले जाते, पण त्यात विक्रेत्याचा तोटा असतो. तो विक्रेता एखादी घरातले किडूकमिडूक विकायला काढलेली विधवाही असू शकते. दलालांनी अशी ‘रिंग’ करून बोली न लावण्याचा मोबदला घेणे ब्रिटनमध्ये १९२७ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. भारतात स्पर्धा कायदा, २००२ व्यापाऱ्यांमधल्या संगनमताच्या बोलीला स्पर्धाविरोधी मानतो. समोरच्याच्या शोधाचा मान राखून त्यावर बोली न लावणे वेगळे आणि भाव पाडण्यासाठी वाटणी करून घेणे वेगळे. ही सीमारेषा पुसट असली तरी आहे.

स्क्रीनशॉटमुळे फसवणूक कशी होते?

लिंक शेअर करण्याचा आणखी एक प्रकार सामान्य मोबाइलधारकाला जास्त महागात पडतो. ‘तुमच्याकडे ही पाच रुपयांची नोट असेल तर लाखो मिळतील’ असे सांगणारे स्क्रीनशॉट सतत फिरत असतात. त्यात दिसणारी रक्कम विक्रेत्याने मागितलेली असते. त्या किमतीला कोणी ती वस्तू घेतलेली नसते. कोणीही कोणत्याही नोटेसमोर १० लाख लिहू शकतो. अशा पोस्टना भुलून संपर्क करणाऱ्याकडून मग ‘नोंदणी शुल्क’, ‘कमिशन’, ‘कर’ उकळला जातो.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबाबत जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, बँक त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन घेत नाही आणि तसे घेण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. म्हणूनच जाणते संग्राहक मागितलेली किंमत पुढे पाठवत नाहीत. लिलाव संपल्यावर प्रत्यक्ष मिळालेली किंमत तेवढी सांगतात.

अलिखित नियम कोणते?

हे नियम कोणत्या कायद्यात नाहीत. ग्रुपनुसार थोडे बदलतात, पण गाभा सारखाच असतो.

– चालू लिलावाची लिंक खुल्या ग्रुपवर टाकू नये. आधी ॲडमिनचा नियम पाहावा.

– स्वतःचीच वस्तू विकायला असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. ‘कोणाची आहे माहीत नाही, पण छान दिसते’ असे लिहून आपलाच माल खपवणे हे ताकाला जाऊन भांडे लपवण्यासारखे.

– सल्ल्यासाठी खासगीत आलेली लिंक पुढे पाठवू नये. आपल्यालाही ती वस्तू हवी असेल, तर सल्ला देण्यापूर्वीच ‘मीही बोली लावणार आहे’ असे सांगावे.

– ज्या वस्तूवर आपली नजर आहे तिला मुद्दाम ‘बनावट’ म्हणून इतरांना पळवून लावू नये.

– शंका असेल तर आधी लिलावगृहाला किंवा विक्रेत्याला कारणांसह कळवावे. प्रतिसाद न मिळाल्यास ग्रुपवर वस्तूबद्दल बोलावे, माणसाबद्दल नाही.

– लिलाव संपला की बंधन संपले. मग किंमत, छायाचित्र, वजन, मोजमाप मोकळेपणाने सांगावे. नोंदी पुढे संकेतस्थळावरून निघून जातात आणि त्या वेळी कोणीतरी जपलेला स्क्रीनशॉट हाच एकमेव पुरावा उरतो.

शेवटचा नियम अभ्यासासाठी मोलाचा आहे. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासला आणि इतरत्र न आढळणारी काही सातवाहन राजांची नावे त्यातून पुढे आली. साठा एकत्र राहिला आणि त्याची नोंद झाली म्हणून हे शक्य झाले. तोच आज सापडून एकेक नाणे वेगवेगळ्या ॲपवर, सापडल्याची जागा न सांगता विकले गेले, तर ती नावे सुट्या खरेदीदारांच्या अल्बममध्ये विखुरली जातील.

वस्तू वारशाची असेल तर नियम बदलतो का?

वर सांगितलेला शिष्टाचार बरोबरीच्या माणसांमधला आहे. वस्तू तुझ्याकडे जावी की माझ्याकडे, एवढाच त्यात प्रश्न असतो. वस्तू संपूर्ण शहराच्या किंवा देशाच्या इतिहासाशी जोडलेली असेल, तर लिंक लपवणारा फक्त प्रतिस्पर्ध्यापासून ती लपवत नाही. ज्यांचा त्या वस्तूवर भावनिक, कधी कायदेशीर हक्क आहे, त्यांच्यापासूनही लपवतो. इथे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार तलवारीचा. ती कायदेशीर विक्री होती. १८१७ मधल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे ती गेली असावी, असा राज्य सरकारचा कयास आहे. म्हणजे ती स्वातंत्र्यापूर्वीच देशाबाहेर गेलेली. अशा वस्तूला सध्याचे कायदे सहसा पुरे पडत नाहीत. ती परत आणण्याचा सरळ मार्ग खरेदीचा. इथे एक पेच आहे. खरेदीदाराला गुप्तता हवी असते, पण सरकारला हलवायला गाजावाजा लागतो. खासगी संग्राहक मनात आले की बोली लावतो. सरकारला निर्णय, निधी, मध्यस्थ असे टप्पे असतात आणि लोकांची मागणी असली तरच ते टप्पे एका दिवसात पार होतात. बातमी झाली नसती तर सरकार लिलावात उतरले असते का, हा प्रश्न ‘बातमीने किंमत वाढली का’ या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

दुसरा प्रकार पिप्रहवाच्या रत्नांचा. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा स्तूपात १८९८ मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांना बुद्धाच्या अस्थींसोबत ठेवलेली रत्ने सापडली. त्यांच्या वंशजांकडे असलेला वाटा ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये सोदबीजच्या लिलावात येणार होता. इथे गाजावाजा हेच हत्यार ठरले. बौद्ध समाजातून आणि अभ्यासकांकडून आक्षेप आले, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाने ५ मे रोजी कायदेशीर नोटीस दिली आणि लिलाव लांबणीवर पडला. अखेर गोदरेज उद्योगसमूहाच्या मदतीने ३० जुलै २०२५ रोजी रत्ने भारतात आली. दीक्षाभूमीच्या नागपुरात या विषयाकडे वेगळ्या आस्थेने पाहिले गेले असेल, हे सांगायला नको.

तिसरा प्रकार चोरीच्या वस्तूचा. नालंदा येथील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातून १९६१ मध्ये १४ मूर्ती चोरीला गेल्या. त्यातली बुद्धाची एक मूर्ती मार्च २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट इथल्या कलामेळ्यात विक्रीला असल्याचे ‘इंडिया प्राइड प्रोजेक्ट’चे एस. विजय कुमार आणि कलाचोरीवर काम करणाऱ्या लिंडा अल्बर्टसन यांनी ओळखले. जुन्या छायाचित्रांशी तुलना करून माहिती पोलिसांपर्यंत पोहोचवली गेली. लंडन पोलिसांनी १५ ऑगस्ट २०१८ रोजी मूर्ती भारतीय उच्चायुक्तालयाकडे सोपवली. चोरीच्या वस्तूची लिंक आधी समाजमाध्यमांवर टाकली, तर विक्रेता नोंद काढून टाकतो आणि वस्तू भूमिगत होते. म्हणून तिथे आधी पुरावा, मग पोलीस आणि सर्वांत शेवटी पोस्ट, हा क्रम महत्त्वाचा.

कायदा काय सांगतो?

पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. १०० वर्षांहून जुनी नाणी, शिल्पे, चित्रे, शस्त्रे आदी वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक, शास्त्रीय किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखिते व कागदपत्रे ‘पुरावशेष’ ठरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणूनच भारतीय लिलावगृहांच्या यादीत अनेक वस्तूंसमोर ‘निर्यातीस मनाई’ अशी सूचना असते. शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. परदेशी संकेतस्थळावर ‘भारतातून पाठवू’ असे लिहिलेले शंभर वर्षांपूर्वीचे नाणे दिसले, तर ती धोक्याची घंटा आहे.

जमिनीत सापडलेल्या वस्तूंना १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शेतात नांगराला लागलेल्या नाण्यांचा फोटो ग्रुपवर ‘विकणे आहे’ म्हणून टाकणारा नकळत स्वतःविरुद्धच पुरावा तयार करत असतो.

खोट्या बोलीबद्दल वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ मध्ये तरतूद आहे. विक्रेत्याने तसा हक्क आधी जाहीर न करता स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली, तर खरेदीदार तो व्यवहार फसवणुकीचा मानू शकतो. दुसऱ्या बाजूला, पुराव्याशिवाय विक्रेत्याचे नाव घेऊन त्याला जाहीरपणे ‘चोर’ म्हणणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली मानहानीची कारवाई होऊ शकते.

नागपूरसाठी हा प्रश्न का महत्त्वाचा?

कारण नागपूरच्या राजवाड्याची संपत्तीच एकदा लिलावात विखुरली गेली आहे. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले आणि त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत विकले गेले. जडजवाहीर कोलकात्याला नेऊन बाजारात विकण्यात आले. त्या वेळी घेतलेल्या, त्याआधी लुटलेल्या किंवा भेट गेलेल्या वस्तू कोणाच्या घरात आहेत, हे एका यादीत सापडणार नाही. वारसदार घरे आवरतात, वस्तू लिलावगृहाकडे जातात आणि एखाद्या दिवशी फोनवर भोसल्यांचे नाव झळकते.

नाण्यांचेही तसेच. भोसल्यांच्या काळात नागपूर आणि कटक इथे मुघल बादशहांच्या नावाने रुपये पाडले जात. नाव बादशहाचे असल्याने अनेकदा विक्रेता ती नुसती ‘मुघल नाणी’ म्हणून विकतो. ती नागपूरची आहेत हे ओळखणारे बहुधा विदर्भातले संग्राहकच असतात. शेजारच्या सेवाग्राम आश्रमातून गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याची बाब २०११ मध्ये उघड झाली होती. अशी वस्तू कधी विक्रीला आलीच, तर ती पहिल्यांदा ओळखणारी नजरही इथलीच असण्याची शक्यता जास्त.

लिंक दिसली तर काय करावे?

सर्वप्रथम नोंद जपावी. लॉट क्रमांक, तारीख, वर्णन, मालकीचा इतिहास आणि सर्व छायाचित्रे तारखेसह साठवावीत. मग वस्तू कोणत्या प्रकारात मोडते ते पाहावे.

साधी संग्राह्य वस्तू असेल, तर शिष्टाचार पाळावा. लिलाव संपेपर्यंत लिंक आपल्याजवळ ठेवावी आणि नंतर किंमत सर्वांना सांगावी.

बनावट वाटत असेल, तर लिलावगृहाला लेखी कळवावे. चोरीची किंवा बेकायदा बाहेर गेलेली वाटत असेल, तर पोलीस आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांच्याकडे जावे. तोवर पोस्ट टाळावी.

कायदेशीर विक्रीतली, पण सार्वजनिक महत्त्वाची वस्तू असेल, तर यादी प्रसिद्ध होताच राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला म्हणजे अजब बंगल्याला आणि अभ्यासकांना आधी कळवणे सर्वांत उपयोगाचे. बोली लावू शकणाऱ्यांना तयारीला वेळ मिळतो आणि गरजेपूर्वी बाजारात चर्चाही होत नाही. काहीच हालचाल दिसली नाही, तर माध्यमे आणि समाजमाध्यमे आहेतच. फक्त तो बार लिलावाच्या आदल्या दिवशी उडवून भागत नाही. परदेशी लिलावगृहात बोली लावायची तर आधी खाते पडताळणी, आर्थिक हमी आणि अनेकदा स्थानिक मध्यस्थ लागतो. तलवारीच्या वेळी हे सगळे एका दिवसात जमले. यादी प्रसिद्ध झाली त्याच आठवड्यात एक ईमेल योग्य टेबलावर पोहोचला, तर पुढच्या वेळी ते एका दिवसावर सोडावे लागणार नाही.